बदलीची ऑर्डर

मी ट्रान्सफरला अप्लाय केलंय असं घरी फोनवर सांगितलं तेव्हा बाकी कुणाला काही कळलं नाही, पण आजोबा एकदम सावरून बसले. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं आणि त्यात अकरा बदल्या काढलेला माणूस, ट्रान्सफर या शब्दाचा दुसरा काही अर्थ असू शकतो हेच त्यांना मान्य नाही. पहिला प्रश्न आला, "विनंती बदली की प्रशासकीय?"

मी म्हटलं, विनंती.

"मग अवघड आहे," म्हणाले आणि चष्मा पुसायला घेतला.

तेव्हा मला हसू आलं होतं. आता मे संपत आलाय आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात पहिल्या दिवसापासून परिस्थिती नीट कळलेला माणूस तो एकच.

आधी आईची अडचण सांगते. मी कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला आहे, म्हणजे दोन वर्षं इथे करायची आणि तिसऱ्या वर्षाला मोठ्या युनिव्हर्सिटीत जायचं, यालाच इथे ट्रान्सफर म्हणतात. हे काही मागचं दार नाहीये, १९६० साली या राज्याने उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला त्यातच हा रस्ता आखलेला आहे, हजारो पोरं दरवर्षी याच रस्त्याने जातात. पण इथे अशा कॉलेजला ज्युनिअर कॉलेज पण म्हणतात आणि हे आईने एकदा चुकून मावशीला सांगितलं. झालं. बारावी पास झालेली मुलगी अमेरिकेत जाऊन परत ज्युनिअर कॉलेजला बसली, म्हणजे नक्की काहीतरी लपवतायत, अशी बातमी दोन लग्नं आणि एक मुंज एवढ्या अंतरात सगळीकडे पोचली. त्यामुळे माझी ट्रान्सफर ही आता माझी एकटीची राहिलेली नाही, आईची अब्रू पण त्यात अडकलीये.

बरं, अर्ज एक असता तर ठीक होतं. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, तिचा एकच फॉर्म असतो पण कॅम्पस निवडाल तितके पैसे, माझ्यासारख्या परदेशी मुलांना प्रत्येकी ९५ डॉलर. मी चार निवडले. यूसीचे एकूण सहा कॅम्पस असे आहेत की ठरलेले विषय आणि ठरलेले मार्क असले तर ते आधीच हमी देतात, त्याला टॅग म्हणतात, आणि ही हमी एकाच ठिकाणची घेता येते. मी डेव्हिसची घेतली. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो हे तिघं असली हमी बिमी देत नाहीत. हे ऐकल्यावर आजोबा म्हणाले, "म्हणजे हमीचं ठिकाण हातात आहे आणि तू रडतेयस ती बाकीच्या तिघांसाठी." मी गप्प. "असंच असतं," ते म्हणाले, "अख्खा जिल्हा मोकळा पडलेला असायचा पण सगळ्यांना टेबल तेच हवं."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण मग प्रायव्हेट युनिव्हर्सिट्यांचं डोक्यात शिरलं. त्यांची डेडलाइन बहुतेक मार्चमध्ये. प्रिन्स्टनने तर १९९० पासून ट्रान्सफर बंदच ठेवली होती, २०१८ साली परत सुरू केली तेव्हा १४२९ अर्ज आले आणि त्यांनी १३ जणांना घेतलं. तेरा! आजोबांना आकडा सांगितला तर म्हणाले की एवढे तर आमच्या ऑफिसात नुसते चहाला उठायचे. हे सगळं माहीत असून मी तसल्याच दोन ठिकाणी अर्ज केला, कारण अर्ज भरताना रात्रीचे दोन वाजले होते आणि रात्री दोनला माणसाला स्वतःबद्दल फार चांगलं वाटत असतं.

आणि निबंध! हल्लीचं कॉलेज का सोडायचंय ते लिहा, पण त्या कॉलेजबद्दल वाईट लिहू नका, नाहीतर पोरगी तक्रारखोर वाटते. म्हणजे इथलं सगळं उत्तम आहे, शिक्षक उत्तम, वातावरण उत्तम, मी इथे अतिशय सुखात आहे आणि कृपया मला इथून बाहेर काढा, असं साडेसहाशे शब्दांत लिहायचं. माझा सहावा खर्डा वाचून मैत्रीण म्हणाली की सासर सोडून चाललेली सून सासूची स्तुती करतेय असं वाटतंय.

पण खरी मजा मिड-टर्म रिपोर्टची. हा एक कागद असतो, त्यावर चालू सेमिस्टरच्या प्रत्येक विषयाच्या सरांकडून आजपर्यंतची ग्रेड लिहून आणायची आणि सही घ्यायची. चार विषय, चार दरवाजे. इकॉनॉमिक्सच्या बाईंनी उभ्या उभ्या ए लिहिला, इंग्लिशच्या सरांनी ए लिहून वर शुभेच्छा दिल्या. स्टॅटिस्टिक्सचे सर मात्र कागद घेऊन बसले. लॅपटॉप उघडला, माझं नाव शोधलं, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. पेन कागदावर टेकलं आणि बी काढला, छान गोल दोन पोटांचा बी. मग पेन उचललं नाही. बीच्या बाजूला, एक मिलिमीटर अंतरावर, ते तसंच हवेत धरून ठेवलं. मी श्वास धरून बघतेय. आडवी रेघ आली. आता ही आडवी रेघ म्हणजे मायनस असू शकते किंवा प्लसचा पहिला अर्धा भाग असू शकतो, आणि नेमकं त्याच क्षणी त्यांचा फोन वाजला. अडीच मिनिटं ते कुणाशी तरी पार्किंगबद्दल बोलत होते. फोन ठेवला आणि उभी रेघ मारली. त्या उभ्या रेघेसाठी मी आयुष्यभर त्या माणसाची ऋणी आहे.

सगळं पाठवून झालं की पोर्टल मिळतं. पोर्टल म्हणजे एक पान, त्यावर यादी, यादीसमोर हिरव्या टिक. माझ्या सगळ्या टिक हिरव्या, फक्त कॉलेज रिपोर्टसमोर लाल फुली. हा रिपोर्ट मी नाही, आमच्या कॉलेजच्या रजिस्ट्रारने पाठवायचा असतो, मुलगी वागायला बरी आहे, हाकललेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या पाठवला. युनिव्हर्सिटीवाले म्हणाले आला नाही. परत खिडकी. परत पाठवला. अकरा दिवस ती फुली माझ्याकडे आणि मी फुलीकडे बघत होतो. आजोबांना सांगितलं तर त्यांना इतका आनंद झाला की विचारू नका. "आवक-जावक!" म्हणाले, "आवक-जावक रजिस्टरचा नंबर मागून घे, नंबर असला की कागद हरवत नाही." तिथे अमेरिकेत आवक-जावक नसतं आजोबा, असं मी म्हटलं खरं, पण दुसऱ्या दिवशी खिडकीवर जाऊन कन्फर्मेशन नंबर मागितला, मिळाला, तो ईमेलमध्ये टाकला आणि संध्याकाळी फुलीची टिक झाली.

त्यानंतर काहीच नाही. म्हणजे खरंच काही नाही. हातात करण्यासारखं कामच उरत नाही आणि तिथून माणूस बिघडायला लागतो. आमच्याकडे पोर्टल ॲस्ट्रॉलॉजी नावाचा प्रकार चालतो, नाव मी ठेवलेलं नाही, खरंच असं म्हणतात. पोर्टलवर जरा काही हललं की त्याचा अर्थ लावायचा. फायनान्शिअल एडचा टॅब दिसायला लागला, शुभ. टॅब दिसेनासा झाला, अशुभ. काहीच बदललं नाही, तर ज्यांना घेतलंय त्यांचं सगळ्यात शेवटी बदलतं असं कुणीतरी सांगतं. माझ्या रूममेटच्या मित्राचा मित्र (त्याला मी कधी भेटले नाही, पण महिनाभर त्याच्यावर माझी पूर्ण श्रद्धा होती) पानाचा सोर्स कोड उघडून बघायचा आणि त्यात एखादा शब्द सापडला की शकुन सांगायचा. पत्रिका बघणाऱ्या आत्याला मी इतकी वर्षं हसत आले, आणि आता पानावरचं एक बटण डावीकडून उजवीकडे सरकलं म्हणून स्टॅटिस्टिक्सच्या क्लासमध्ये माझे हात गार पडले. स्टॅटिस्टिक्सच्या!

एप्रिलच्या शेवटी यूसीच्या एका कॅम्पसचा ईमेल आला की शुक्रवारी संध्याकाळी निकाल. इथे संध्याकाळचे पाच म्हणजे घरी शनिवारची पहाट, साडेपाच. आईला उठवू नका म्हटलं होतं, पण आजोबा त्या वेळी तसेही उठलेले असतात. व्हिडिओ कॉलवर त्यांचं नुसतं कपाळ आणि मागचा पंखा दिसत होता. पाच वाजले, लॉगिन केलं, तर फोनवर कोड पाठवलाय म्हणे, आणि फोनवर आजोबांचं कपाळ. कोड बघायला गेले तर कॉल कट. परत लॉगिन, पासवर्ड चुकला, परत. पान अर्धं उघडून गोल गोल फिरायला लागलं कारण माझ्यासारखे हजारो तिथे एकाच वेळी धडकले होते.

काही ठिकाणी घेतलं असेल तर स्क्रीनवर रंगीत कागदाचे तुकडे पडतात. माझ्या स्क्रीनवर काही पडलं नाही. पहिलीच ओळ, अर्ज केल्याबद्दल आभार. आभार मानले की संपलं, पुढचं वाचायची गरज नसते, तरी मी तीनदा वाचलं.

आजोबांना परत फोन लावला. "नामंजूर?" म्हणाले. हो. "कारण दिलंय?" खूप अर्ज आले म्हणतात. "कारण नाही देत," ते म्हणाले, "मला पण कधी दिलं नाही." आणि मग आत वळून ओरडले की चहा टाका, पोरगी जागी आहे.

डेव्हिसची टॅगवाली जागा आहे, ती मिळाली, एक जूनपर्यंत होकार कळवायची मुदत होती. आईने मावशीला फोन करून 'युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया' हे शब्द दोनदा सावकाश उच्चारले, तेवढ्यावर अब्रू परत आली. दोन प्रायव्हेटपैकी एकाने मेच्या मध्यात साभार परत केलं. दुसऱ्याचा ईमेल परवा आला, मी पार्किंगमध्ये उभी राहून उघडला. हो नाही, नाही पण नाही. त्यांना माझ्या चालू सेमिस्टरच्या फायनल ग्रेड बघायच्यात, त्या आल्या की निर्णय कळवू. एवढे महिने थांबून मिळालं काय, तर अजून थांबा.

रडवेली होऊन घरी फोन केला. आजोबांनी ईमेल शब्द न शब्द वाचायला लावला, मग परत एकदा. आणि खुर्चीत टेकून इतक्या समाधानाने हसले, मला वाटलं ऐकूच आलं नसेल.

"अगं, ही तर त्रुटी काढलीय! त्रुटी पूर्ततेसाठी फाइल खाली आलीय."

म्हणजे?

"म्हणजे कुणीतरी फाइल वाचली."

डेव्हिसला होकार काल कळवून टाकला, डिपॉझिट भरलं. स्टॅटिस्टिक्सच्या सरांना मेल करून विचारलं की ग्रेड कधी लागतील, तर त्यांचं उत्तर आलं, सिस्टिममध्ये लवकरच दिसतील, पोर्टल बघत राहा. तेव्हा सध्या मी दोन पोर्टल उघडी ठेवलीयेत.