‘फोर-लो टाका आणि बिनधास्त उतरा’ या मेसेजला उत्तर

लाँग वीकेंड जवळ आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा उगवतो. शीर्षक ‘वाळूत गाडी कधीच रुतणार नाही’, खाली सात सूचना, आणि शेवटी प्रत्येक एसयूव्हीवाल्यापर्यंत पोहोचवण्याचा आग्रह. सूचना थोडक्यात अशा: गाडीत ‘सँड’ मोड असेल तर निर्धास्त उतरा. वाळू लागली की सरळ फोर-लो (चारही चाकांना ताकद, पण जास्त जोराचा आणि हळू गिअर) टाका, खरी ताकद तिथेच. डिफरन्शियल लॉक पहिल्यापासून लावून ठेवा. ट्रॅक्शन कंट्रोल कधीही बंद करू नका, ती सुरक्षा आहे. टायरमध्ये दोन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा जास्त भरा म्हणजे चाक बसणार नाही. रुतलात तर ॲक्सिलरेटर सोडू नका. आणि समुद्रावर पाण्यालगतची ओली वाळू पक्की असते, तिथूनच चालवा.

यातल्या बहुतेक सूचना कुठे ना कुठे खऱ्या आहेत. कुणी दगडातली उचलली आहे, कुणी चिखलातली, कुणी पावसाळी रस्त्यावरची. त्या वाळूत आणून ठेवल्या की उलट्या पडतात. दगडात चाकाला जोर हवा असतो. वाळूत प्रश्न जोराचा नसतो, वाळू तुमचं वजन पेलते की नाही याचा असतो.

म्हणून हवेपासून सुरुवात करतो. मेसेजमध्ये ती पाचवी आहे, ती पहिली हवी होती. आणि ही सूचना वाळूत पूर्णपणे उलटी आहे.

सामानासकट अठराशे किलोची गाडी धरा. एका चाकावर साधारण साडेचारशे किलो येतात. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. भागाकार केला की २०० चौरस सेंटिमीटर उरतात. तेवढ्याच जागेवर ते चाक उभं असतं. हवा १६ वर आणली की हिशेबाने जागा दुप्पट होते. प्रत्यक्षात टायरची बाजू ताठ असल्याने पूर्ण दुप्पट होत नाही, पण वाळूच्या प्रत्येक इंचावरचा भार भरपूर उतरतो. शिवाय ही जागा रुंदीपेक्षा लांबीत वाढते. टायर लांबट बसतो, समोर वाळूचा ढीग ढकलत बसण्याऐवजी त्यावर चढून जातो. वाळवंटात उंटाचा पसरट तळवा जे काम करतो तेच. मेसेजप्रमाणे ३६ भरलीत तर तुम्ही गाडीला खुरांवर उभं केलंत.

किती कमी करायची? जिम्नीसारख्या हलक्या गाडीला १५-१६, थारला १८ च्या आसपास, भरलेल्या फॉर्च्युनरला १८ ते २०, इथून मी सुरुवात करतो. १२ च्या खाली गेलात आणि झटक्यात वळलात तर टायर रिमवरून निसटू शकतो. मोठ्या अलॉयवर पातळ कडेचे टायर असतील तर एवढंही खाली जाऊ नका, तिथे दबायला रबरच नसतं. बरोबर गेज आणि बॅटरीवर चालणारा पंप हवाच, कारण डांबरावर आल्यावर अशा हवेत ऐंशीने पळवलं तर टायरची कड तापून फुटते. पंपाशिवाय हवा सोडून बसलात तर पेट्रोल पंपापर्यंत रांगत जा. तिथला हवावाला १८ चं रीडिंग बघून आधी पंक्चरच शोधायला लागतो, तो भाग वेगळा.

आता फोर-लो. हा या मेसेजचा लाडका मुद्दा आणि तो पटतोही चटकन, कारण ‘लो’मध्ये जोर वाढतो हे खरंच आहे. साधारण दुपटीपासून अडीचपटीपर्यंत. पण जोर जितका वाढतो तितकाच वेग उतरतो. फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिन चार हजारांवर ओरडत असताना गाडी ताशी दहा-पंधरा किलोमीटरने चालते. भुसभुशीत सपाट वाळू पार करायला वाहता वेग लागतो, फार नाही, पण अखंड. तो फोर-हायच्या (चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्या वेगाचे गिअर) दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मिळतो. शिवाय फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये पायाचा अंगठा जरी जास्त दाबला गेला तरी चाक जागेवर गरगरतं, आणि वाळूत गरगरणारं चाक खाली जातं, पुढे नाही.

फोर-लो निरुपयोगी आहे असा याचा अर्थ काढू नका. जैसलमेरजवळ सम किंवा खुरीला टेकडीच्या उभ्या उतारावरून खाली येताना, रुतलेली गाडी इंच-इंच मागे घेताना, फार हळू आणि ताब्यात चालायचं असताना ते हवंच. वाऱ्याच्या आडोशाला पडलेली वाळू साधारण ३४ अंशांवर टेकलेली असते. तिथे फोर-लो, दुसरा गिअर, चाकं सरळ आणि ब्रेकवरून पाय दूर. उतारावर तिरकं वळलात तर गाडी कुशीवर जाते. निघतानाही फोर-लोच्या दुसऱ्या गिअरमध्ये निघा, पहिल्यात नको.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याला सुचलेलीच नाही. टू-हायमधून (रोजच्या रस्त्यावरची दोन चाकांची चाल) फोर-हाय बहुतेक गाड्यांत चालता-चालता टाकता येतं. वेगाची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. फोर-लोसाठी मात्र गाडी थांबवावी लागते, किंवा जवळजवळ थांबवावी लागते. ‘वाळू लागली की टाका’ म्हणजे नेमकं मऊ जागी गाडी उभी करा! फोर-हाय वाळूत शिरण्याआधी, कडक जमिनीवर टाकायचं. परत डांबरावर आलात की टू-हाय. थार, जिम्नी अशा गाड्यांत पुढच्या-मागच्या धुऱ्यांमध्ये वेगाचा फरक सामावणारं काही नसतं. वाळूत चाकं घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या रस्त्यावर वळताना सगळा ताण ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या धुऱ्यांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो आणि लिव्हर अडकून बसतं.

डिफ लॉकबद्दल जास्त लिहायची गरज नाही. एका धुऱ्यावरची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणं एवढंच त्याचं काम. एक चाक हवेत लटकलं की तेच गाडी काढतं. पण लावून ठेवलं की गाडीला सरळच जायचं असतं. वळवायला गेलात तर पुढची चाकं नांगरासारखी वाळू ढकलतात. फोर्स गुरखा या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे लॉक आहेत म्हणून दोन्ही लावून फिरणारे मी पाहिलेत, ते वळण आलं की रुततात. गरज पडली की लावा, निघालात की काढा.

ट्रॅक्शन कंट्रोलवर मात्र थांबायला हवं, कारण इथे मेसेजही चुकतो आणि त्याला खाली उत्तर देणारे ‘सगळं ऑफ करा’वालेही चुकतात. एबीएसचे सेन्सर प्रत्येक चाकाचा वेग मोजत असतात. एक चाक जास्त फिरू लागलं की कॉम्प्युटर दोन कामं करतो: त्या चाकाला ब्रेक लावतो आणि इंजिनची ताकद कापतो. पहिल्या पावसात वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर हे बंद करणाऱ्याला मी वेडाच म्हणेन. पण वाळूत चारही चाकं सतत थोडी घसरत असतात, घसरण हीच तिथली चाल आहे. कॉम्प्युटरला तो धोका वाटतो. तुमचा पाय दाबलेला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतोय आणि इंजिन मरगळलेलं. दहा-वीस मीटरांत वेग गेला, गाडी बसली. ही ताकद कापणारी बाजू मऊ वाळूत बंदच हवी.

ब्रेक लावणारी बाजू वेगळी. तिरक्या खड्ड्यात तिरप्या कोपऱ्यांतली दोन चाकं (एका बाजूचं पुढचं, दुसऱ्या बाजूचं मागचं) हलकी झाली की साध्या डिफरन्शियलमधून (एका धुऱ्याच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या भागातून) सगळी ताकद त्या मोकळ्या चाकांकडे पळते. त्यांना ब्रेक लागला तरच ती जमिनीवरच्या चाकांकडे वळते. ज्या गाडीला डिफ लॉक नाही तिथे हाच आधार. बटण एकदा दाबलं की काय बंद होतं आणि दाबून धरलं की काय, हे गाडीगणिक बदलतं. काही गाड्यांत फोर-लो टाकताच ताकद कापणारी बाजू आपोआप बाजूला होते आणि ब्रेकची मदत राहते. म्हणून मॅन्युअलचं ते एक पान घरी वाचा, वाळूत उन्हात उभं राहून नको. आणि रस्त्यावर परत आलात की पुन्हा चालू करा.

‘सँड’ मोडचा गोंधळ याच्याशीच जोडलेला. स्कॉर्पिओ-एनसारख्या खऱ्या फोर बाय फोरमध्ये हा मोड घसरण जास्त सहन करतो आणि ताकद इतक्यात कापत नाही. कामाची गोष्ट. पण ‘स्नो, मड, सँड’ लिहिलेलं बटण क्रेटामध्येही आहे आणि भारतातली क्रेटा फक्त पुढच्या दोन चाकांवर चालते. तिथे ते बटण पुढच्याच दोन चाकांमध्ये वाटणी करतं, मागच्या चाकांना काही पोहोचत नाही, पोहोचायला मार्गच नाही. ऑल-व्हील ड्राइव्ह क्रॉसओव्हर मधल्या पायरीवर. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा क्लच मऊ वाळूत बराच वेळ झगडला की तापतो, आणि स्वतःला वाचवायला सुटतो. मग तुमची गाडी पुन्हा दोन चाकांची. मेसेज या तिन्ही गाड्यांना एकच सल्ला देतो.

‘रुतलात तर ॲक्सिलरेटर सोडू नका’ यावर एकच उत्तर: सोडा, लगेच. गाडी पुढे सरकत नसेल तर प्रत्येक सेकंद चाक स्वतःखालची वाळू उपसतंय. पोट टेकलं की मग मोड, लॉक, लो, काहीही चालत नाही, कारण वजन चाकांवर राहिलेलंच नसतं. क्लच जळल्याचा वासही याच वेळी येतो. पाय काढा, उतरा, चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू हाताने-फावड्याने काढा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय सोडा, आणि पुढे नाही, ज्या चाकोरीतून आलात त्याच दाबलेल्या चाकोरीतून मागे घ्या. पुढे जायचा मोह फार होतो. थांबायचंच असेल तर ब्रेक न मारता, वेग आपोआप जाऊ देऊन, तोंड उताराकडे करून थांबा. ब्रेकने चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना पहिला सामना त्याच्याशीच.

उरली ओली वाळू. हा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो अर्धा खरा आहे. दमट वाळूचे कण पाण्याच्या पातळ थराने एकमेकांना धरून असतात, म्हणून ओहोटीनंतरची पुळण कडक लागते. पण पाणी भरलेल्या वाळूत ती पकड राहत नाही. वरून चकचकीत, सपाट दिसते आणि चाकाच्या हादऱ्याने पातळ होते. लाट गाडीच्या चाकाला लागून परत गेली की चाकाभोवतीची वाळू घेऊन जाते. उभी गाडी दर लाटेला थोडी खाली. अलिबाग-नागाव-काशिद पट्ट्यात समुद्रात अडकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघा, त्यांतल्या बहुतेक अशाच कडक वाळूवरून पाण्यापर्यंत गेलेल्या दिसतील.

इथे सेटिंगपेक्षा पंचांग उपयोगी. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. दशमी असेल तर साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती, सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास भरती येते, म्हणजे संध्याकाळी साडेपाचला पुळण सगळ्यात रुंद. नेमकं तेव्हाच लोक सूर्यास्ताच्या फोटोसाठी गाडी खाली नेतात. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, आणि ते सारख्या गतीने येत नाही. पहिल्या तासात थोडंसं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं. पन्नासाला एक उतार असलेल्या पुळणीवर त्या दोन तासांत पाणी शंभर मीटर आत येतं, तेही अंधारात. हिशेब ढोबळ आहे, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहा.

आणि मुळात तिथे गाडी न्यायचीच का? जुहू, आक्सा, गोराई या काही टेस्ट ट्रॅक नव्हेत, माणसं वाळूत बसलेली असतात. पोलीस बेदरकार ड्रायव्हिंगचा गुन्हा नोंदवू शकतात. सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संवेदनशील गटात ठेवल्या आहेत. मार्च २०१८ मध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली होती. खोल चाकोरीत पडलेलं पिल्लू सहज वर येत नाही. फोर बाय फोर वापरून बघायचीच असेल तर माणूस आणि कासव दोन्ही नसलेली, परवानगी असलेली वाळू शोधा, आणि बरोबर दुसरी गाडी न्या.

तरीही कुणाची गाडी पाण्याजवळ बसलीच असेल तर क्रम असा: आधी सगळी माणसं बाहेर, मग लगेच गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला फोन, आणि तो येईपर्यंत हवा सोडून मागे घ्यायचा एखादा प्रयत्न. दोरी गाडीच्या टो-हुकलाच बांधा, बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला नको. ताणलेली दोरी तुटली की गोळीसारखी येते, बघ्यांना दोरीच्या दुप्पट अंतरावर पाठवा. गाडी निघाली की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, ब्रेक आणि चाकांच्या आतल्या बाजूसकट.