स्वयंसेवकांनो, खड्डा तयार आहे!

परिसरात झाडं लावायला नाव दिलंत? अभिनंदन. आता खड्डे खणायच्या वेळी तेवढे पोचू नका. ते काम आदल्या दिवशी दुसरं कोणीतरी उरकतं. टी-शर्ट संपायच्या आत आलात म्हणजे झालं.

रोप हातात आलं की काळी पिशवी अजिबात फाडू नका. आत मुळं तळाशी गोल गोल फिरून वेटोळं करून बसलेली असतात. ती हलक्या हाताने सोडवायची तर नखांत माती जाते आणि फोटोची रांग खोळंबते. कोणी हटकलंच तर पिशवी काढा, पण वेटोळं तसंच राहू द्या. ती मुळं गोलच वाढतात आणि काही वर्षांनी जाड होऊन आपल्याच बुंध्याचा गळा आवळतात. तोवर समिती बदललेली असते.

रोप जितकं खोल तितकं बरं. खोडातून मुळं जिथे फुटतात ती जागा जमिनीलगत हवी, असं जाणकार म्हणतात. त्यांना काय जातंय म्हणायला! गळ्यापर्यंत पुरा, वर मातीचा छान ढीग चढवा. साल आतल्या आत कुजते, दिसत नाही. आणि ढिगावरून पाणी निघून जातं, त्यामुळे आळं करायची कटकट नाही.

झाडं सगळी एकाच जातीची निवडा. अमेरिकेतल्या शहरांनी रस्तोरस्ती एल्म लावले होते, काय कमानी झाल्या होत्या म्हणता! 1930 मध्ये तिथे एल्मची झाडं मारणारा डच एल्म रोग सापडला आणि तो पसरवणाऱ्या भुंगेऱ्यांना पुढचं झाड शोधायची तसदीच पडली नाही. पुढे 1990 साली फ्रँक सँटामूर या शास्त्रज्ञांनी सुचवलं, की शहरात एका जातीची झाडं 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत. म्हणजे किमान दहा झाडं ओळखता यायला हवीत! नकोच ते. फुकट मिळेल ते लावा. वर विजेच्या तारा असतील तर उंच वाढणारंच बघा. छाटणीलाही स्वयंसेवक लागतातच की.

मग आधाराची काठी. ती तारेने करकचून बांधा. सुतळी सैल बांधली तर खोड वाऱ्याने हलतं आणि हलून हलून मजबूत होतं. तार असले लाड करत नाही. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. खोड जाड होत गेलं की तार सालीत रुतते आणि मुळांचा शिधा बंद होतो.

पाण्याचा विषय मात्र काढू नका. रोपाला पहिली दोन-तीन वर्षं कोरड्या दिवसांत पाणी घालावं लागतं, हे निमंत्रणावर छापलं तर येईल कोण? एखाद्या आजी असतात, कुठल्याच फोटोत नसलेल्या, भर उन्हाळ्यात बादली घेऊन फिरणाऱ्या. त्यांना ग्रुपवर घेऊ नका. घेतलंत तर त्या पहिलाच मेसेज टाकतील, ‘उद्या पाणी कोण घालणार?’

सगळ्यांनी लगेच अंगठा दाखवायचा.