वॉशिंग्टन नौदल करार ‘नुसता कागद’ होता?

‘दोन महायुद्धांमधली शस्त्रकपातीची बोलणी म्हणजे कागदी घोडे. वॉशिंग्टन करारानं एकही कामाचं जहाज कमी झालं नाही, जपानवर ५:३ चं प्रमाण लादलं गेलं आणि शेवटी सगळ्यांनीच फसवलं,’ असा मजकूर बराच फिरतोय. अमेरिका, ब्रिटन, जपान, फ्रान्स आणि इटली यांच्या मोठ्या युद्धनौकांवर मर्यादा घालणारा हा करार. यातला एकही मुद्दा मूळ करार वाचून लिहिलेला दिसत नाही.

आधी जहाजांचं बघू. ६ फेब्रुवारी १९२२ च्या या करारात जहाज मोडीत काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हेही लिहिलेलं आहे. करार लागू झाल्यावर सहा महिन्यांत तोफा, फिरते तोफबुरूज, अंतर मोजायची यंत्रं, दारूगोळा, टॉर्पेडो आणि बिनतारी संच उतरवायचे. शिवाय कप्तानाचा चिलखती मनोरा आणि बाजूंचं चिलखत काढायचं, नाहीतर मुख्य इंजिनं तरी. अठरा महिन्यांत जहाज तोडायचं किंवा बुडवायचं. काही जहाजं फक्त नेमबाजीचं लक्ष्य म्हणून ठेवायची मुभा होती. गोदीत झाकून ठेवू आणि वेळ आली की बाहेर काढू, ही पळवाट त्यामुळे बंद झाली.

मोडलेल्यांत जुनी जहाजं पुष्कळ होती, हे खरं. पण अमेरिकेची ‘वॉशिंग्टन’ कोरी होती, तीन चतुर्थांश बांधून झालेली. नोव्हेंबर १९२४ मध्ये टॉर्पेडो आणि बॉम्बच्या चाचण्या सोसूनही ती तरंगत राहिली. अखेर अमेरिकेच्याच ‘टेक्सास’ या युद्धनौकेनं १४ इंची तोफा डागून तिला तळाशी धाडलं. जपानची अर्धवट बांधलेली ‘तोसा’ फेब्रुवारी १९२५ मध्ये बुडवली गेली. याला कागदी कसं म्हणायचं?

‘लादलं’ हा शब्द तर अर्धसत्य आहे. मोठ्या युद्धनौकांसाठी अमेरिका आणि ब्रिटनला प्रत्येकी ५,२५,००० टन, जपानला ३,१५,००० टन. जपानला १०:७ हवं होतं, आणि जपानच्या सांकेतिक तारा अमेरिकेनं फोडल्यामुळे तो १०:६ वर (म्हणजेच ५:३ वर) येईल हे अमेरिकेला आधीच कळलं होतं. पण जपाननं मोबदला घेतला. मोडायच्या यादीतली ‘मुत्सु’ ही युद्धनौका त्यानं वाचवली. त्याहून मोठं म्हणजे कलम १९: अमेरिकेच्या ताब्यातल्या फिलिपिन्स आणि ग्वाममध्ये आणि ब्रिटनच्या हाँगकाँगमध्ये नवी तटबंदी किंवा नवे नौदल तळ उभारायचे नाहीत. जवळ भक्कम तळ नसेल तर हजारो मैलांवरून आलेल्या आरमाराची ताकद वाटेतच ओसरते. जपानचे नौदलमंत्री कातो तोमोसाबुरो यांना हे पक्कं ठाऊक होतं. (भारतातर्फे या करारावर पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री यांची सही आहे.)

राहिली फसवणूक. खरी गोची वेगळीच होती. क्रूझरवर, म्हणजे मोठ्या युद्धनौकांहून लहान पण वेगवान लढाऊ जहाजांवर, प्रत्येकी १०,००० टन आणि ८ इंची तोफा एवढीच मर्यादा घातली. किती बांधायच्या, ते मोकळं सोडलं. मग सगळेच कागदोपत्री नियम पाळून ऐन १०,००० टनी क्रूझर बांधायला लागले. १९२७ ची जिनिव्हा परिषद याच प्रश्नावर फिसकटली आणि १९३० मध्ये लंडनला अमेरिका, ब्रिटन आणि जपाननं क्रूझरचं एकूण टनेज ठरवलं. तपासणीची तरतूद नव्हती, ही उणीव मोठी होती. जपाननं ‘मोगामी’ ही क्रूझर ८,५०० टनी म्हणून जाहीर केली आणि तिच्यावर ६.१ इंची १५ तोफा चढवल्या. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी सांगाडा वेल्डिंगनं जोडला होता. चाचण्यांत तोच दगा देऊ लागला.

तरी मोठ्या युद्धनौकांची मर्यादा बऱ्याच अंशी टिकली. जपाननं डिसेंबर १९३४ मध्ये रीतसर नोटीस दिली, १९३६ अखेर करार संपला आणि एका युद्धनौकेला घातलेली ३५,००० टनांची मर्यादा पार ओलांडणाऱ्या जपानी ‘यामातो’ची बांधणी त्यानंतर, नोव्हेंबर १९३७ मध्ये सुरू झाली.