सुई-दोऱ्यापाशी टीव्ही बंद करणाऱ्यांना

आज संध्याकाळी एका मित्राचा फोन. हॅलो नाही, कसा आहेस नाही, थेट "हा काय सिनेमा सुचवलास रे तू?"

परवा यानेच मागे लागून विचारलं होतं. सगळ्यांनी मिळून बघता येईल असं काहीतरी सांग, पोराला भुताखेताचं हवंय, पण रक्तबिक्त नको. मी म्हटलं, 'कोरलाइन' बघा. २००९ चा बाहुल्यांचा अ‍ॅनिमेशन सिनेमा, दिग्दर्शक हेन्री सेलिक. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. तर झालं असं, की ती बटणांच्या डोळ्यांची आई कोरलाइनपुढे एक डबी सरकवते, डबीत दोन काळी बटणं, सुई आणि दोरा, तिथे पोरगा आईला चिकटला आणि या महाशयांनी टीव्ही बंद केला. वर मलाच ऐकवलं, "लहान मुलांचे सिनेमे लहान मुलांसारखे असावेत."

तिथे? अरे, अख्ख्या सिनेमात बंद करायला तुला नेमकी तीच जागा सापडली?

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोरलाइन नावाची मुलगी आईबाबांबरोबर एका जुन्या घरात राहायला येते. आईबाबा दोघंही दिवसभर कॉम्प्युटरला चिकटलेले. बागकामाच्या कॅटलॉगसाठी लिहितात, पण चिखल अंगाला लागलेला चालत नाही. घरात एक छोटं दार सापडतं. दारापलीकडे अगदी असंच घर, अशीच आई, असेच बाबा, फक्त त्यांना वेळच वेळ आहे, सगळं रंगीत आहे, आणि डोळ्यांच्या जागी बटणं आहेत. इथे कायमचं राहा, म्हणते ती आई. एवढंच, की तुझ्या डोळ्यांवरही बटणं शिवावी लागतील. काळी आवडत नसतील तर दुसरे रंगही आहेत!

आणि इथे टीव्ही बंद. म्हणजे ते पोर आता सुईसकट अंथरुणात गेलंय. सुई अजून हवेतच आहे. हे भल्या माणसाच्या लक्षातच येत नाहीये. फोन ठेवता ठेवता मागून त्याच्या पोराचा आवाज आला, "बाबा, काकाला विचार ना, शिवली का?" बाप म्हणाला, "गप रे." आणि फोन बंद.

शिवली का. दोन तास झाले, हे दोन शब्द डोक्यातून जात नाहीयेत.

माझी भाची आठ वर्षांची असताना हा सिनेमा तिने माझ्यासोबत बघितलाय. म्हणजे सोबत असं म्हणायचं. ताई बाहेर गेली होती, मी पोरीला सांभाळायला होतो, आणि सांभाळणं म्हणजे तिला टीव्ही लावून देऊन त्याच खोलीत मी लॅपटॉपवर माझं काम करत होतो. त्याच डबीच्या प्रसंगाला तिने स्वतःच रिमोट उचलून सिनेमा थांबवला. "मामा, ते दुखेल ना?" मी मान वर न करता म्हणालो, "दोन मिनिटं हं." ती काहीच बोलली नाही. मग थोड्या वेळाने, अगदी शांतपणे, तक्रारीचा सूरसुद्धा नाही, "मामा, तिची खरी आई पण असंच म्हणते."

मी लॅपटॉप मिटला. दुसरं काय करणार? तिच्या शेजारी जाऊन बसलो आणि उरलेला सिनेमा आम्ही एका पांघरुणात बघितला. ती अजिबात घाबरली नाही. माझीच एकदोनदा तंतरली.

तर आता मित्राने त्याच्या बाजूने पुरावा म्हणून लोकांच्या मतांचे स्क्रीनशॉट पाठवलेत. बघ, मी एकटाच म्हणत नाहीये, असं. वाचले मी सगळे. आधी हसू आलं, मग डोकं फिरलं.

एकीचं म्हणणं, यात आईला वाईट दाखवलंय, मुलांवर काय संस्कार होतील. कुठली आई वाईट दाखवली बाई? जी सतत गोड बोलते, कधी ओरडत नाही, हवं ते देते, तीच तर जाळं विणणारी कोळीण निघते! आणि जी कावलेली आहे, दमलेली आहे, मानेला पट्टा लावून टाईप करतेय, ती खरी. त्या थकलेल्या आईला परत मिळवायला ती पोरगी जिवावर उदार होते. आयांची बाजू याहून जास्त कोणी घ्यायची?

एकाला पहिला अर्धा तास "काहीच घडत नाही" म्हणून कंटाळा आला. अरे बाबा, घरात काहीच घडत नाही, कोणी बघत नाही, बाहेर पाऊस, हेच तर घडतंय. म्हणून तर ती दार उघडते. ते खरं घर मुद्दाम फिकं आणि चपटं बांधलंय, खोल्यांना खोली कमी ठेवलीय, आणि दारापलीकडचं घर ऐसपैस, खोल. थ्रीडीसाठी हा सगळा खटाटोप केला होता. तू मोबाईलवर दीडपट वेगाने बघितलास तर तुला काय दिसणार, कप्पाळ?

एकाने लिहिलंय, टिम बर्टनने निराश केलं. टिम बर्टन हा दुसराच दिग्दर्शक, त्याचा या सिनेमाशी काडीचाही संबंध नाही! १९९३ चा 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' सेलिकनेच दिग्दर्शित केला, त्याचंही श्रेय लोक आजपर्यंत बर्टनला देतात (तिथे निदान कथा आणि निर्मिती त्याची होती), आणि आता हा पण त्याच्याच नावावर. सेलिकच्या जागी मी असतो तर एव्हाना पत्रकं वाटली असती.

आणि सगळ्यात वरचढ मत, "कार्टूनच आहे शेवटी, एवढं काय." एवढं काय! हे कार्टून हाताने हलवलंय हो. प्रत्येक बाहुली. एक सेकंद दिसायला चोवीस चौकटी लागतात, चौकटीगणिक बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, परत हलवायची. चेहऱ्यावरचे भाव बदलायला थ्रीडी प्रिंटरवर छापलेले चेहऱ्यांचे तुकडे बदलत बसायचे. कोरलाइनचा तो चांदण्यांचा स्वेटर खराखुरा विणलाय, केसाएवढ्या बारीक सुयांवर. झाडांवरचा गुलाबी मोहोर म्हणजे रंगवलेले पॉपकॉर्न आहेत. लाइका स्टुडिओचा हा पहिला मोठा सिनेमा. कोणीतरी महिनोन् महिने त्या सुईचा कोन ठरवलाय, आणि तू रिमोट दाबून मोकळा.

बरं. श्वास घेतो.

प्रत्येक मूल वेगळं असतं हे मान्य. चार वर्षांच्या पोराला हा दाखवू नये हेही मान्य. अमेरिकेत त्याला पीजी दर्जा आहे, म्हणजे मोठ्यांनी बघून ठरवा. मित्राने ठरवलं. ठीक आहे, त्याचं पोर, त्याचा टीव्ही.

पण मला राग याचा येतो, की आपण मुलांना भीती दाखवायला एरवी अजिबात कचरत नाही. झोपला नाहीस तर बागुलबुवा येईल, हे कोण म्हणतं? भोपळ्यात बसून जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट दोन वर्षांच्या पोराला सांगताना वाघ तिला खायला टपलाय हे आपण डोळे मोठे करून, आवाज काढून सांगतो. मात्र वाघ म्हणाला "म्हातारे, तुला खातो" आणि तिथेच गोष्ट बंद करून दिवा घालवला, असं कोणी करतं का? टुणुक टुणुक होईपर्यंत कोणी उठत नाही. पोर उठू देत नाही! पण तेच पडद्यावर आलं की आपण मधेच उठतो, कारण तिथे आवाज आपण काढत नसतो. आपल्या हातात काही नसतं. घाबरलेले आपण असतो आणि नाव पोराचं.

हे मी अंदाजाने म्हणत नाहीये. भाचीसोबत बघताना मी स्वतःला बघितलंय. ती दुसरी आई उंच, हाडकुळी व्हायला लागते ना, तिथे भाची पुढे सरकून बसली होती आणि पांघरुण तोंडापर्यंत कोणी ओढलं होतं, तर चांगल्या घोड्याएवढ्या मामाने. कारण तिला ती बाई राक्षसीण दिसत होती, आणि मला आरशात बघितल्यासारखं होत होतं. उलट्या बाजूने. मी तो कॉम्प्युटरवाला बाप होतो. मोठ्यांना हा सिनेमा का झेपत नाही याचं माझं उत्तर एवढंच आहे. बटणं नाहीत टोचत. "दोन मिनिटं" टोचतं.

मूळ पुस्तक २००२ चं, नील गेमनचं. त्याने एक गोष्ट बऱ्याचदा सांगितलीय. हस्तलिखित बघून त्याच्या एजंटला वाटलं, हे मुलांचं पुस्तक नाहीच, फार भीतीदायक आहे. गेमन म्हणाला, तुझ्या मुलीला वाचून दाखव. दाखवलं. मुलगी म्हणाली, मला काही भीती वाटली नाही. पुस्तक मुलांसाठी म्हणून निघालं. पुढे काही वर्षांनी ती मुलगी गेमनला म्हणाली, भीतीने जीव गेला होता माझा, पण तसं सांगितलं असतं तर पुढे काय झालं ते कळलं नसतं.

मी ही गोष्ट मित्राच्या तोंडावर मारायला म्हणून इथे टाईप करत होतो. आणि टाईप करता करता मला कसंतरीच झालं.

भाची आता तेरा वर्षांची आहे. जागीच असते या वेळेला, तेरा वर्षांची माणसं झोपत नाहीत. तिला मेसेज टाकला, "कोरलाइन बघताना तू घाबरली होतीस का गं?"

उत्तर लगेच आलं. "हो मग! खूप."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू बंद केला असतास. आणि परत लॅपटॉप उघडला असतास."

तर वर मी जे "ती अजिबात घाबरली नाही" असं ठोकून दिलंय, ते पुसत नाही, राहू दे तसंच. पाच वर्षं मी हे सगळ्यांना सांगत फिरतोय. माझी भाची किती धीट, वगैरे. मित्राला सिनेमा सुचवला तोही याच भरवशावर.

आणि एक गोष्ट मी गाळली होती, ती सांगून टाकतो. त्या रात्री ती दिवा लावून झोपली. पुढचे कितीतरी दिवस दिवा लावूनच झोपत होती आणि ताईने मला फोनवर यथेच्छ झापलं होतं. तेव्हा मी ताईलाही कलेचं महत्त्व वगैरे समजावलं होतं. सॉरी ताई. (ताई ही पोस्ट वाचणार. ताई, कमेंटमध्ये नको, फोन कर.)

त्या रात्रीचंच आणखी एक. मी खाली गादीवर झोपलो होतो, झोपलो म्हणजे पडलो होतो. ती उठली, माझ्याजवळ आली आणि एका बोटाने माझ्या पापणीला हळूच हात लावला. आधी एका, मग दुसऱ्या. मी झोपेचं सोंग घेतलं. खात्री झाली असावी, कारण मग ती परत जाऊन घोरायला लागली. मला मात्र पहाटेपर्यंत डोळा लागला नाही. सिनेमा पूर्ण बघितला होता म्हणून तिला काय तपासायचं ते माहीत होतं, असं मला वाटतं. सुईचं पुढे काय होतं ते ठाऊक होतं, खरी माणसं कशी ओळखायची ते ठाऊक होतं, उठून बघितलं, विषय संपला.

मित्राच्या पोराने काय तपासायचं? त्याच्याकडे फक्त डबी आहे.

हां, त्याने बंद करायला नको होता, यावर मी ठाम आहे. पण त्याला फोनवर "बावळट" म्हणायला नको होतं. तो निदान पोराच्या शेजारी बसलेला तरी होता. पोर चिकटलं ते त्याला लगेच कळलं. माझी भाची घाबरलीय हे कळायला मला पाच वर्षं लागली, आणि तीही मी विचारल्यावर.

मघाशी त्याला मेसेज केलाय. सिनेमा फुटला तर फुटला. "त्याला सांग, नाही शिवली. उरलेला उद्या तुम्ही दोघं बघा, जिथे बंद केलास तिथूनच लाव. आणि सॉरी."

पोचलाय मेसेज. निळी टिक नाही आली अजून. झोपला असेल हा. पोराचं माहीत नाही.