हद्द कोणाची?
'लोकांचा पोलिसांवर विश्वास का नाही' असं लेखात विचारलंय म्हणून सांगते. मागच्या वर्षी रात्री स्टेशनबाहेर माझी पर्स हिसकावली, हात थरथरत पोलीस ठाण्यात गेले तर साहेब चहा पीत म्हणाले, ही आमची हद्द नाही, पलीकडे जा. अहो, १ जुलै २०२४ पासून झीरो एफआयआर, म्हणजे हद्द कुणाचीही असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवायची सोय, कायद्यातच आहे ना! तेव्हापासून रात्रीची लोकल म्हटली की पोटात गोळा येतो. पण त्याच रात्री लेडीज डब्यातल्या होमगार्डने माझं तोंड बघून स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली, माझ्यासोबत उतरला आणि रिक्षा मिळेपर्यंत गुपचूप उभा राहिला. आणि नुसत्या लाठीनिशी कसाबची रायफल धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे पण पोलीसच होते की. शिव्या घालाव्या की हात जोडावे, कळत नाही बघा.