मुलाखत घेणाऱ्याच्या घरचा उमेदवार

अमेरिकेच्या नौदल अकादमीसाठी तुम्ही वर्षानुवर्षं फुकटात मुलाखती घेताय. हुद्दा 'ब्लू अँड गोल्ड ऑफिसर', पगार शून्य, रुबाब ॲडमिरलचा. आणि आता घरचंच कार्टं ॲनापोलिसला, म्हणजे त्याच अकादमीत, जायचं म्हणतंय. अभिनंदन! एवढ्या समाजसेवेचं चीज करायची हीच वेळ.

पोटच्या पोराची मुलाखत स्वतः घेता येत नाही. ती दुसऱ्या स्वयंसेवकाकडे जाते. हिरमुसू नका. त्याला फोन करून बजावा, "माझा मुलगा म्हणून अजिबात सवलत देऊ नकोस." दर आठवड्याला एकदा बजावलंत की तुमच्या निःपक्षपातीपणाबद्दल त्याला शंकाच उरणार नाही. (आपल्याकडे खडकवासल्याच्या एनडीएला निघालेल्या पोराची एसएसबीत, म्हणजे लष्कराच्या निवड चाचणीत, पाच दिवस छातीवरचा नंबर हीच ओळख. बापाला कोण विचारतंय? म्हणूनच आपले बाप मागे राहिले.)

परक्या आईबापांना तुम्ही काय सांगत होतात? मुलाला बोलू द्या, ईमेल त्यालाच लिहू द्या, "आम्ही अर्ज केलाय" म्हणू नका. तो उपदेश परक्यांसाठी होता. तुम्ही खुशाल "आमचं मेडिकल अडकलंय" म्हणा. खासदाराच्या नॉमिनेशनसाठी, म्हणजे प्रवेशाच्या शिफारशीसाठी, निबंध लागला, तर तोही तुम्हीच लिहा. स्वतःला नेतृत्व का करायचंय, हे सतरा वर्षांच्या पोराला काय कळणार! फक्त शारीरिक चाचणीत गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल फेकावा लागतो, तिथे त्याच्या जागी तुम्हाला बसू देत नाहीत. नियम फार जाचक आहेत.

पोराला खरंच जायचंय की बाप ढकलतोय, हे तुम्ही दहा मिनिटांत ओळखता. घरी मात्र तेवढं नाक बंद ठेवा. जेवणाच्या टेबलावर तालीम घ्या. "नेव्हीच का?" असं विचारल्यावर तो ताटात बघत बसला, तर ती विनम्रता समजा. पदवीनंतर किमान पाच वर्षं नोकरी करायची आहे ती त्याला, तुम्हाला नव्हे.

उरला एकच धोका. एका खासदाराच्या कोट्यातले एका वेळी पाचच जण अकादमीत असू शकतात, आणि त्याच मतदारसंघातली एक हुशार मुलगी नेमकी तुमच्याच यादीत आलीय. तिची मुलाखत अगदी न्यायाने घ्या. अहवालात वाईट एक अक्षर लिहू नका. "मुलगी बोलकी आहे. जरा जास्तच बोलकी आहे," एवढं पुरे. मग घरी जाऊन चिरंजीवांना झापा, "अरे, जरा बोलायला शीक!"