पणजोबांना सुभेदार करण्याची सोपी रीत

घरातले एखादे पणजोबा फौजेत होते असं कानावर आलं, की सगळ्यांत आधी त्यांना बढती द्या. कागदपत्रं नंतरही बघता येतात, नाही बघितली तर उत्तमच. नुसत्या शिपायाच्या जोरावर गणपतीत गावी जमलेल्या भाऊबंदांपुढे मान वर करता येत नाही. निदान हवालदार करा. दादर-माहीमला स्वतःचा ब्लॉक असेल तर सुभेदार. पानिपतापर्यंत मागे जायची हिंमत असेल तर थेट सरदार. १४ जानेवारी १७६१ ला त्या मैदानात आपल्या सगळ्यांचे मिळून इतके सरदार होते, की घोड्यांना चंदी कोण घालत होतं तेच कळत नाही.

दुसरं म्हणजे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं ऐकू नका. आमची आत्येआजी माझ्या पणजोबांबद्दल सांगायची, "आबा काळी पाचवीत होते." आम्ही ती पाचवी इयत्ता समजलो आणि काळी म्हणजे नापास. माझा गणितात भोपळा आला की वडील म्हणायचे, आबांवर गेलाय. आता काली पांचवी हे १०५ व्या मराठा पलटणीचं नाव. १९२२ च्या फेररचनेत ती मराठ्यांची दुसरी पलटण झाली आणि मराठा लाइट इन्फंट्रीत आजही ते जुनं नाव मिरवते. हे बेळगावच्या केंद्रात कुणीही सांगितलं असतं. म्हणून तर बेळगावला जायचं नाही.

शोध घ्यायचाच असेल तर हुतात्म्यांच्या यादीत घ्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसूनसुद्धा बघता येते. त्या यादीत यायला माणूस लढाईच्या काळात मरावा लागतो, ही किरकोळ अडचण मनावर घेऊ नका. आमच्या काकांनी आबांना दोन महिने इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकात शोधलं. आबा पहिल्या महायुद्धात तिकडच्याच कूत-अल-अमाराच्या वेढ्यात धारातीर्थी पडले, असं त्यांचं ठाम मत. वेढा १४७ दिवस चालला आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथली उरलेली फौज शरण गेली, हे खरंच आहे. पण आमच्या आजोबांचा जन्म १९२३ चा, आणि आबा वारले ते परळच्या चाळीत, १९५२ साली, दुपारचं जेवून. हे मी बोललो तेव्हा काकांनी विषय पाण्याच्या टँकरकडे वळवला.

बसऱ्याची एक मोठी सोय आहे, ती मात्र वापरून घ्या. चाळीस हजारांवर मेलेल्यांचं ते स्मारक, पण भिंतीवर नावं गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. आपले शिपाई त्यांच्या पलटणीखाली नुसते आकड्यात, इतके म्हणून. त्यातला एक आमचा, असं म्हटलं तर अडवणार कोण? (मेलेल्याला नाव न देणाऱ्यांचा राग येईल क्षणभर. तो ग्रुपवर फॉरवर्ड करा, ओसरतो.)

नाव शोधताना तुमच्या पासपोर्टवरचंच स्पेलिंग घाला. भरतीच्या कारकुनानं कानाला लागेल तसं लिहिलं असेल, आडनाव गाळून बापाचं नाव, गाव, तालुका एवढंच ठेवलं असेल, ते चारदा बदलून बघत बसायला आपल्याला काय वेळ आहे? सापडलं नाही की सांगायचं, इंग्रजांनी कागद जाळले. १९४० च्या बॉम्बफेकीत पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे कागद लंडनला खरोखर जळाले आहेत. ते गोऱ्या शिपायांचे होते, पण धूर आपल्यालाही वापरता येतो.

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. बाहेरून फोटो काढा, कमानी छान येतात. गावच्या चावडीच्या भिंतीत एखादा संगमरवरी दगड असेल, 'या गावातून महायुद्धास इतके गेले, इतके कामास आले' असा, तर तोही वाचू नका. आमच्याकडे त्यावर ऑइलपेंट मारलाय, त्यामुळे मोह होत नाही.

आता पदक. कपाटात, जुन्या साडीच्या घडीत सापडलं तर समोरून बघा. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला उघडाबंब घोडेस्वार. फ्रेम करून टाका. धातू कुठला ते विचारू नका; चांदीचं असेल तर ठीक, ब्राँझचं निघालं तर मजूर तुकडीपर्यंत चौकशी जाते. आणि कडेकडे चुकूनही बघायचं नाही. मी बघितलं. नाक्यावरच्या घड्याळवाल्यानं डोळ्याला भिंग लावून एकेक अक्षर वाचून दाखवलं. आधी नंबर. मग हुद्दा: कुक. मग आबांचं नाव, मधला 'रा' खाल्लेलं. मग १०५.

काळी पाचवी मिळाली, सुभेदार गेले. काकांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "त्या काळी कुक ही मोठी पोस्ट होती." आणि पुढे, "ग्रुपवर टाकू नकोस."

आबांनी परत आल्यावर परळला खानावळ घातली, गिरणीच्या दोन पाळ्यांची माणसं तिथं जेवायची. आमच्यात ती पणजीची खानावळ म्हणतात, आबा नुसते गल्ल्यावर बसायचे. चार माणसांच्या घरात पणजी दीडशे माणसांचं माप कुठं शिकली, हे विचारायची आमच्यात रीत नाही. त्या खानावळीचा एक तांब्याचा टोप अजून माळ्यावर आहे. एकट्याला उचलत नाही. बुडाला बोटभर काजळी, आणि ती खरवडली की एक नंबर लागतो.

तेव्हा खरवडू नका. रविवारी भंगारवाला येतो, तांब्याला बरा भाव देतो. त्या पैशांत तलवार घ्या. चोरबाजारात मिळते, म्यानासकट. हॉलमध्ये सोफ्याच्या वर तिरकी लावली की झालं.